काउबॉय कवितेचा ठेका खरंच घोड्याच्या टापांतून आलाय का?

भीमथडी (धागाकर्ता)

काउबॉय कवितेबद्दल काहीही वाचायला घ्या, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य ठरलेलं असतं: या कवितेचा ठेका घोड्याच्या टापांतून आला. ऐकायला झकास. पण कुठली चाल, कुठलं वृत्त, हे कोणी सांगत नाही.

विषय नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नेवाडा राज्यात एल्को नावाचं गाव आहे. तिथे १९८५च्या जानेवारीअखेरीस पहिलं काउबॉय कविसंमेलन भरलं. तेव्हापासून ते ऐन थंडीतच भरतं, कारण वासरं व्हायचा हंगाम सुरू होण्याआधी रँचवर त्यातल्या त्यात सवड असते. व्यासपीठावर गुरांमागे आणि घोड्यांवर हयात घालवलेली माणसं असतात, कविता पाठ म्हणतात, काही जण गिटार घेऊन गातात.

यातला मला सगळ्यात विलक्षण वाटणारा माणूस म्हणजे टेक्ससच्या पॅनहँडल भागातला बक रॅम्सी (१९३८–१९९८). ऐन उमेदीत घोड्यानं पाडलं, उरलेलं आयुष्य चाकाच्या खुर्चीत. पुढे हाच माणूस काउबॉय गाणी गाणारा आणि या परंपरेतली सगळ्यात महत्त्वाकांक्षी दीर्घकविता लिहिणारा म्हणून ओळखला गेला. १९९५ साली त्याला अमेरिकेची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली.

तर प्रश्न दोन. एक, टापांचा सिद्धांत खरा की भाकड? दोन, जन्मभर घोड्यावर बसलेला माणूस कविता-गाण्याकडे वळला तर त्याला खोगिरातून आयतं काय मिळतं, आणि नव्यानं काय शिकावं लागतं? कृपया "मातीचा गंध" छापाची उत्तरं नकोत. आकडे आणि तपशील द्या.

खोगीरभरती

मातीचा गंध नको म्हणता, मग लिदीचा चालेल का? (पहिला प्रतिसाद आपला. आता जाणकार येतील.)

चाबूकस्वार

प्रश्न चांगला आहे, टापांपासूनच सुरू करू.

घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, चारही सुटे आणि समान अंतरानं. ताशी साडेसहा किलोमीटरच्या आसपास चालणारा घोडा मिनिटाला साधारण ५५ ते ६० पावलांचे फेरे पूर्ण करतो, म्हणजे टापा सव्वादोनशेच्या घरात. पण स्वाराला त्या मोजाव्या लागत नाहीत, त्याची कंबर मोजते. एका फेऱ्यात कंबर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. म्हणजे अंगाला जाणवणारा ठेका मिनिटाला ११०-१२०.

दुडकीला दोन ठोके. तिरप्या जोडीचे पाय एकदम पडतात: पुढचा डावा नि मागचा उजवा, मग उलट. मध्ये घोडा क्षणभर अधांतरी.

त्यावरची चाल, ज्याला तिकडे लोप म्हणतात आणि आपल्याकडे क्लबातले लोक कँटर, तिला तीन ठोके. मागचा एक पाय, मग तिरपी जोडी, मग पुढचा एक पाय, आणि मग चौथ्याच्या जागी शांतता. ही शांतता विसरायची नाही. भरधाव सुटला की तिरपी जोडी फुटते आणि पुन्हा चार ठोके होतात.

आता सांगा, "घोड्याचा ठेका" म्हणजे यातला कुठला?

तोटक

चाबूकस्वारांच्या प्रश्नाला पिंगळाच्या, म्हणजे छंदशास्त्राच्या बाजूनं उत्तर देतो.

जुन्या काउबॉय कवितेत दोन साचे फार दिसतात. पहिला बॅलडचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्याचा: एका ओळीत चार आघात, पुढच्या ओळीत तीन, पुन्हा चार, पुन्हा तीन. दोन ओळी जोडून लिहिल्या की सात आघातांची लांब ओळ होते. हा साचा स्कॉटलंड-आयर्लंडमधून आला आणि चर्चच्या प्रार्थनागीतांतून प्रत्येक घरात पोचलेला होता. त्याला घोडा लागत नाही.

दुसरा साचा घोडदौडीचा वाटतो: दोन हलके, एक जड. आपल्या भाषेत लघु-लघु-गुरू, म्हणजे स गण. चार स गण ओळीनं ठेवले की तोटक वृत्त, बारा अक्षरं. इंग्रजीत आघात मोजतात आणि आपण मात्रा, त्यामुळे हे बरोबरीचं चिन्ह नाही, पण कानाला नातं लगेच कळतं. उदाहरणार्थ:

दचके बुजते उधळे पळते

ही गुरं बिथरल्याची ओळ. म्हणून बघा, आपोआप वेग येतो. आता चाबूकस्वारांनी सांगितलेली तीन ठोक्यांची चाल आठवा. हलका, हलका, जड, मग श्वासभर रिकामं. साम्य आहे. पण साम्य म्हणजे उगम नव्हे. हाच साचा घोड्याला हात न लावलेल्या इंग्रज कवींनी आधी भरपूर वापरला होता, आणि किपलिंग व रॉबर्ट सर्व्हिस यांच्या कविता रँचवरच्या झोपडीतही वाचल्या जात होत्या.

खोगीरभरती

दुसरी ओळ आमच्याकडून:

मग कोण तया पुढती अडवे

मोजून घ्या.

तोटक

@खोगीरभरती, बारा अक्षरं, चार स गण, बिनचूक. पण "तया" कुठून आणलात? आज बोलताना कोणी तया म्हणत नाही.

खोगीरभरती

मात्रा भरायला. नाव उगाच घेतलेलं नाही.

चाबूकस्वार

या विनोदात खरं ज्ञान आहे हो. खोगिराखाली लोकरीच्या नमद्याची जाडी साधारण पाऊण ते एक इंच लागते. पातळ असेल तर पाठीला फोड येतात. पण जाड घातला की सुरक्षित, असं समजणारे फसतात. फार भरती केली की खोगीर पाठीवरून वर उचललं जातं, डुगडुगतं, आणि ते डुगडुगू नये म्हणून तंग (पोटाखालचा पट्टा) आणखी आवळावा लागतो. मग खांद्याशी चिमटा बसतो नि घोडा पाय आखडून चालायला लागतो. कवितेतली भरतीही हेच करते. एक शब्द भरला की तो जिरवायला पुढची ओळ आवळावी लागते.

ऑस्टिनकर

टापांच्या सिद्धांताला सगळ्यात मोठा धक्का रात्रीच्या पहाऱ्यातून बसतो. थोडं सविस्तर लिहितो.

१८६७ साली कॅन्ससमधल्या ॲबिलीनला रेल्वेपर्यंत गुरं नेणं सुरू झालं. एका कळपात दोन-अडीच हजार जनावरं, सोबत दहा-बारा माणसं, दिवसाची मजल पंधरा ते पंचवीस किलोमीटर. जास्त हाकलली तर वजन उतरतं आणि बाजारात भाव पडतो. रात्री कळप बसवायचा आणि दोन स्वारांनी त्याभोवती उलटसुलट दिशांनी फिरायचं, म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा समोरासमोर गाठ पडते. पाळी साधारण दोन तासांची. घड्याळ नसेल तर सप्तर्षी. ध्रुवाभोवती तासाला पंधरा अंश फिरतात, दोन तासांत तीस अंश सरकले की पुढच्याला उठवायचं.

गाणं इथलं. श्रोते गुरं. शब्दांना काही किंमत नव्हती, सलग आवाजाला होती. अंधारात घोडा ठेचकाळला, काडी मोडली, कोणी खोकलं, की त्या एका अचानक आवाजानं दोन हजार जनावरं एकदम उठतात. आवाज आधीपासून चालू असेल तर स्वार कुठे आहे ते गुरांना कळत राहतं आणि दचकायचं कारण उरत नाही. म्हणून भजनं, जुनी बॅलडं, जे येईल ते, संथ आणि न थांबता.

आता गंमत बघा. पहाऱ्यावरचा घोडा चालतो चार ठोक्यांत. पण या परंपरेतली कितीतरी संथ गाणी तीन मात्रांच्या वॉल्ट्झमध्ये आहेत. चालीतून ठेका आला असता तर ही गाणी चारात असायला हवी होती. रात्री लोपनं कोणी फिरत नाही. फिरला तर मुकादम सकाळी हिशेब करून काढून टाकेल.

कॅलगरीवाला

+१. आणि पुरावाच हवा असेल तर लारेडोच्या रस्त्यावर मरणाऱ्या काउबॉयचं ते प्रसिद्ध गाणं घ्या. त्यात मरणारा माणूस ढोल आणि बासरीच्या साथीनं अंत्ययात्रा काढा म्हणतो. टेक्ससच्या सरहद्दीवर काउबॉयच्या मयताला लष्करी बँड कुठून येणार? गाणं मूळ ब्रिटिश बेटांतलं, एका तरुणाच्या मरणाचं, तिथे लष्करी मान होता. समुद्र ओलांडताना माणसाचे कपडे बदलले, ढोल तसाच राहिला.

जात्यावरची

गुरांसाठी गाणं म्हटल्यावर मोटेवरची गाणी आठवणारच. मोट हाकणारा गातो तेव्हा ऐकणारा बैल असतो, आणि गाण्याची लांबी धावेच्या लांबीनं ठरते. बैल उतरत जाणार, मोट वर येणार, पाणी थारोळ्यात पडणार, मग बैल उलट पावली मागे. तिथे कामाच्या चालीनं गाणं कापलं जातं हे उघड दिसतं. जात्यावर तर आणखीच, खुंट्याच्या फेऱ्याला ओवी बांधलेली. रात्रीच्या पहाऱ्याला असा कापणारा फेरा नाही, कळपाभोवतीची चक्कर केव्हाही संपते. म्हणून तिथे बाहेरून आणलेलं कुठलंही गाणं चाललं असावं.

धनगरी ओवीचं काय? बारामती-फलटणकडचे फिरस्ते धनगर घोड्यावर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरतात, धागाकर्त्यांनी ज्याचं नाव घेतलंय तोच भीमथडी घोडा. पण ओवीचा ठेका ढोलाचा आहे, घोड्याचा नाही. घोडा सामान वाहतो, गाण्यात बिरोबा असतो.

भीमथडी

ताई, हे मार्मिक आहे. ऑस्टिनकरांचा चार विरुद्ध तीनचा मुद्दाही पटला. म्हणजे सिद्धांत बाद?

तोटक

पूर्ण बाद नको. रॅम्सीकडे बघा, तो दोन्ही बाजूंना पुरून उरतो.

त्याच्या दीर्घकवितेचं कडवं त्यानं पुश्किनकडून घेतलंय. येव्गेनी ओनेगिनचा साचा: चौदा ओळी, ओळीत चार लघु-गुरू जोड्या, यमकं अबअब ककडड इफफइ गग. ओळ आपल्या प्रमाणिकेच्या जवळची: लगा लगा लगा लगा, आठ अक्षरं, काही ओळींत शेवटी एक हलकं अक्षर जास्त. रशियन कवीचा साचा आणि आत पॅनहँडलचं गवत, पहाटेची स्वारी, खोगिरांची करकर. साचा टापांतून आलेला नाही, पुस्तकातून आलाय. पण पहिल्या काही ओळींत घोडे चालायला लागतात, कारण लघु-गुरू जोडी कंबरेच्या डाव्या-उजव्या झोक्यावर नीट बसते. आणलेल्या साच्यांतून अंगाला बसणारा निवडायचा कान त्याच्याकडे होता. खोगिरानं ठेका दिला नाही, कान दिला असेल.

आणि अडाणी काउबॉयच्या दंतकथेवर आणखी एक खिळा: ॲरिझोनाच्या प्रेस्कॉटचा गेल गार्डनर, सैतानाच्या शेपटीला गाठी मारणाऱ्या दोन काउबॉयांची कविता लिहिणारा, डार्टमथ कॉलेजचा पदवीधर होता. १९१७ साली लिहिलेली ती कविता गाणं होऊन इतकी पसरली की लोक तिला लोकगीतच समजायला लागले.

खोगीरभरती

म्हणजे आपल्याकडे चांगली कविता तुकारामांच्या नावावर खपवतात आणि तिकडे "अज्ञात"च्या.

ऑस्टिनकर

अगदी. बॅजर क्लार्कचं तेच झालं. साउथ डकोटाचा पहिला राजकवी. त्यानं लिहिलेली काउबॉयची प्रार्थना पोस्टकार्डांवर "कवी अज्ञात" म्हणून छापली जायची.

अवांतर, पण नवख्यांना उपयोगी: संमेलनात दुसऱ्याची कविता म्हणणं मान्य आहे, उलट मानाचं आहे. फक्त आधी कवीचं नाव घ्यायचं. जिवंत कवी असेल तर विचारायचं. ध्वनिमुद्रण विकायचं असेल तर हक्क तपासायचे. अमेरिकेत जुन्या प्रकाशित साहित्याला ढोबळमानानं ९५ वर्षांचा नियम आहे, त्यामुळे क्लार्कचं १९१५ सालचं पुस्तक मोकळं आहे, पण नंतरच्या प्रत्येक कवितेला तेच लागू होईल असं धरून चालू नका.

सहातारा

दुसरा प्रश्न कोणी घेत नाहीये म्हणून घेतो. घोड्यावरच्या माणसाच्या हातात गिटार दिली की काय होतं?

पहिला गैरसमज हातांचा. दोर ओढून घट्टे पडलेत म्हणून तारा टोचणार नाहीत, असं वाटतं. दोराचे घट्टे तळहातावर आणि बोटांच्या पेरांवर असतात. तारांना लागतात ते डाव्या हाताच्या बोटांच्या अगदी टोकांना. ते नव्यानंच पडावे लागतात: रोज पंधरा-वीस मिनिटं दोनदा, तीन-चार आठवडे. सलग दोन तास वाजवून फोड आणला की आठवडा वाया.

दुसरी अडचण जुन्या मोडक्या हाडांची. मनगट किंवा बोटं आखडलेली असतील तर जाड तारा नकोत. ०.०१२ इंचाच्या संचाऐवजी ०.०११चा लावा. मानेची लांबी कमी असलेली गिटार घ्या, २५.४ इंचाऐवजी २४.९ किंवा त्याखाली. तारांचा ताण कमी होतो, बोटं जवळ पडतात. एफचा बार कॉर्ड (एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबायचा) जमत नसेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. जी, सी, डी एवढ्यावर या परंपरेतली ढीगभर गाणी होतात. आवाज वरच्या सुरात हवा तर मानेवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा. तेही जमेना तर तारा डी-जी-डी-जी-बी-डी अशा लावून घ्या. उघड्याच छेडल्या तरी जी कॉर्ड वाजतो, आणि पाचव्या पट्टीवर एक बोट आडवं ठेवलं की सी, सातव्यावर डी.

वॉल्ट्झचा हात असा: पहिल्या मात्रेला अंगठ्यानं खर्जाची तार, दुसऱ्या-तिसऱ्याला बारीक तारांवर हलका फटका. नव्या माणसाची चूक ठरलेली. तिन्ही मात्रा सारख्या जोरात मारतो आणि गाणं पिठाच्या गिरणीसारखं वाजतं. पहिली जड, पुढच्या दोन जवळजवळ नाहीतच.

चाबूकस्वार

@सहातारा, अंगठ्यावरून एक गंभीर गोष्ट. उजवा अंगठाच नसेल तर?

विनोद नाही हा. गुरं दोरानं धरायच्या दोन रीती. टेक्ससकडे दोराचं टोक खोगिराच्या शिंगाला (पुढच्या खुंटीला) पक्कं बांधलेलं, दोर आखूड, तीस-पस्तीस फूट. नेवाडा-ओरेगनकडचे बकारू (तिकडचे काउबॉय) साठ फुटांचा दोर मोकळा ठेवतात आणि फास पडल्यावर शिंगाभोवती वेढे देतात. शिंगाला खेचराचं कातडं गुंडाळलेलं असतं, म्हणजे दोर थोडा सरकतो आणि झटका जिरतो. जुना चामड्याचा विणलेला दोर झटक्यानं तुटतो, म्हणून ही रीत. पण वेढे देताना अंगठा वर ठेवायचा असतो. तो खाली राहिला आणि समोर पाचशे किलोचा बैल असला तर वेढ्यात अंगठा जातो. बोटं गमावलेले दोरवाले त्या मुलुखात नवलाचे नाहीत.

सहातारा

बरोबर धरलंत. अंगठा गेलेला असेल तर पिक (तारा छेडायची चकती) तर्जनी आणि मधल्या बोटात धरायची. पकड सैल पडते म्हणून जाड पिक घ्यायची, एक मिलिमीटर किंवा वर, आणि तिच्यावर खरखरीत पट्टी चिकटवायची. खर्जाची तार आणि फटका दोन्ही त्याच पिकेनं, मनगटातून. वेग कमी राहतो, पण ही गाणी वेगाची नाहीतच.

खोगीरभरती

घोड्यावर बसून, चांदण्यात, मांडीवर गिटार घेऊन... हे सगळं सिनेमाच म्हणायचं ना?

ऑस्टिनकर

बव्हंशी. गुरांच्या वाटेवर गिटार बाळगणं अडचणीचं. सामानाची गाडी एकच, तीत स्वयंपाक, अंथरुणं, पीठ, कॉफी. माउथ ऑर्गन खिशात मावतो, फिडल गुंडाळून ठेवता येते. गिटार स्वस्त झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, टपालानं माल मागवायचे कॅटलॉग निघाल्यावर. आणि १९३०च्या दशकात जीन ऑट्री, रॉय रॉजर्स यांच्या सिनेमांनी ती घोड्यावर चढवली.

घोडेवाल्यांची भाषाही आयात, बरं का. लॅरिएट म्हणजे स्पॅनिश ला रेआता, बकारू म्हणजे वाकेरोचा अपभ्रंश. आपलं खोगीर, लगाम, रिकीब फारसी-अरबीतून आलं, तसंच.

कॅलगरीवाला

गाण्याकडे वळणाऱ्यांनी इयन टायसनचा (१९३३–२०२२) अभ्यास करावा. रोडिओत (काउबॉयांच्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत) पायाला दुखापत झाली, त्या सक्तीच्या विश्रांतीत गिटार शिकला. लोकसंगीतात नाव झाल्यावर अल्बर्टात रँच घेऊन कटिंगचे, म्हणजे कळपातून एकेक जनावर वेगळं काढणारे घोडे तयार करायला लागला, आणि तिथून पुन्हा काउबॉय गाण्यांकडे आला.

त्याच्याकडून शिकायची गोष्ट आवाजाची. २००६ साली उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात ध्वनियंत्रणेवर मात करायला त्यानं आवाज ताणला, पाठोपाठ विषाणूची लागण झाली, आणि गळ्याला कायमची इजा झाली. जुना गोल आवाज गेला. मग त्यानं खरखरीत, कुजबुजत्या आवाजात गायची नवी रीत बसवली आणि २००८ साली त्याच आवाजात अल्बम काढला.

स्वाराच्या बाबतीत हा धोका जास्त. मैदानात घोड्यावरून हाका मारायची सवय असते, माइकसमोरही तोच गळा लागतो. माइक तोंडापासून एका मुठीवर, थोडा तिरपा. स्वतःचा आवाज ऐकू येत नसेल तर गाणं थांबवून मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) वाढवायला सांगायचा, गळा वाढवायचा नाही. आणखी एक: रुंद काठाची टोपी. काठ खाली ओढलेला असला की समोरच्या मॉनिटरचा आवाज त्यावर आपटून माइकात शिरतो आणि शिट्टी वाजते, शिवाय चेहरा सावलीत. दोन बोटं मागे सरकवली तरी पुरतं.

सहातारा

एल्कोत गिटारचंही जपावं लागतं. जानेवारीत रात्री उणे दहा सेल्सिअसच्या आसपास, आणि खोल्या हीटरनं तापवलेल्या, हवा कोरडी ठक्क. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. चाळिशीखाली गेली की लाकूड आकसतं: आधी पट्ट्यांची टोकं कडेनं बोटाला टोचायला लागतात, मग वरची फळी खाली बसून तारा खरखरतात, मग चीर. पेटीत ओलावा सोडणारी पुडी ठेवायची, स्वस्तातला आर्द्रतामापकही ठेवायचा. आणि गाडीतून आणलेली थंडगार पेटी गरम खोलीत आल्या आल्या उघडायची नाही, तासभर तशीच ठेवायची. झटकन उघडली तर वार्निशला कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात. कोकणातल्या लोकांना उलटा त्रास, पावसाळ्यात फळी फुगून तारा वर जातात.

जात्यावरची

पाठांतराचं कोणी लिहीत नाहीये. तिकडे कागद हातात धरून वाचणं कमीपणाचं मानतात, मग पन्नाशी-साठीच्या माणसानं चाळीस ओळी पाठ करायच्या कशा?

मौखिक परंपरेत चालणारी रीत: शेवटचं कडवं आधी पाठ करायचं. मग शेवटून दुसरं आणि शेवटचं. असं मागून पुढे. म्हणताना तुम्ही कायम जास्त पक्क्या भागाकडे जाता, कच्च्याकडे नाही. पुढून पाठ केलं की सुरुवात दगडासारखी आणि शेवट पाण्यासारखा होतो.

दुसरं, हाताला काम देऊन म्हणायचं. खरारा करताना, तबेला झाडताना. कोणी मध्येच बोललं तरी धागा तुटता कामा नये. नुसतं बसून म्हणता आलं म्हणजे पाठ झालं असं नाही.

चूक कुठे होते? दोन कडवी एकाच शब्दानं सुरू होत असतील तर तिसऱ्यातून थेट सहाव्यात उडी पडते, चकवा लागल्यासारखी. अशा कडव्यांच्या पहिल्या शब्दाला एकेक वेगळं चित्र चिकटवून ठेवायचं.

तोटक

वेळेचा अंदाज जोडतो. चार आघातांच्या चाळीस ओळी सावकाश म्हटल्या तर अडीच मिनिटं. बारा मिनिटं मिळाली तर तीन कविता, फार तर चार. दोन मिनिटांची कविता आणि चार मिनिटांची प्रस्तावना हा सगळीकडचा रोग आहे, आपल्या कविसंमेलनांतही.

आणि गंभीर कवितांच्या मध्ये एक हसवणारी लागते. मॉन्टानाचा रँचर वॉली मॅक्रेची पुनर्जन्माची कविता यासाठी फार आवडती. मेलेला काउबॉय माती होतो, मातीचं गवत, गवत घोडा खातो, आणि मग पुढे जे व्हायचं ते. ते बघून जुना मित्र म्हणतो, तू फारसा बदललेला नाहीस.

खोगीरभरती

बघा, लिदीचा गंध शेवटी आलाच. पहिल्या प्रतिसादाला न्याय मिळाला.

भीमथडी

:) मान्य. आता मूळ प्रश्नाचा उरलेला भाग. ठेका बाहेरून आला, गिटार उशिरा आली, भाषा स्पॅनिश, साचे ब्रिटिश नाहीतर रशियन. मग घोडा कवितेत आहे कुठे? घोड्यावर न बसलेल्या चांगल्या कवीला हे लिहिता येणार नाही का?

चाबूकस्वार

लिहिता येईल. पण पकडला जाईल, आणि पकडला जाईल तो वृत्तात नाही, क्रियापदात.

थंडीतली पहाट घ्या. बाहेरून बघणारा लिहील: घोड्यावर खोगीर टाकलं आणि निघालो. जाणणारा आधी लगामाची कडी मुठीत किंवा काखेत धरून ऊबवतो, कारण गोठलेलं लोखंड जिभेला चिकटतं आणि दुसऱ्या दिवशी घोडा तोंड उघडत नाही. मग खोगीर. तंग एकदम आवळत नाहीत. घोडा पोट फुगवून धरतो, म्हणून आधी बेताचा, चार पावलं चालवायचं, मग दोन भोकं वर. तेवढ्यात मागे बघायचं: खोगिराच्या मागची पाठ कमानीसारखी वर आलीय का, शेपूट दाबून धरलीय का. असेल तर आत्ता चढायचं नाही, थोडं फिरवायचं. चढलात तर तो तुम्हाला अख्ख्या मुक्कामासमोर खाली ठेवेल.

यातली एक गोष्ट ओळीत आली तरी ऐकणारे रँचवाले मान हलवतात. सगळ्या आल्या तर जांभया देतात, ते त्यांना माहीतच आहे. कुठली एक ठेवायची हे ज्याला कळलं तो कवी. ब्रूस किस्कॅडन (१८७८–१९५०) याचा उस्ताद. गुरांचं काम सोडून लॉस एंजेलिसच्या हॉटेलात सामान उचलायचं काम करायचा आणि तिथे राहून कविता लिहायचा. समोर घोडा नव्हता, पण त्याच्या कवितेत तंग कधी चुकीच्या वेळी आवळला जात नाही.

ऑस्टिनकर

सहमत. उलट उदाहरण म्हणजे पडद्यावरचा काउबॉय, जो दिवसभर भरधाव घोडा पळवतो. घोडा असा काही मिनिटांत दमतो. म्हणून तर वाटेवर प्रत्येक माणसामागे पाच-सहा तरी घोडे असायचे, पाळीपाळीनं वापरायला. रात्रीचा घोडा वेगळा, पायाचा पक्का आणि अंधारात न बुजणारा. कवितेत एकच लाडका घोडा सकाळ-दुपार-रात्र धावत असेल तर कवी शहरातला समजावा.

जात्यावरची

वाचनखूण साठवली. तोटक आणि खोगीरभरती यांनी ती कविता अर्धवट सोडलीय, तेवढी पुरी करा.

खोगीरभरती

आज्ञा ताई. तिसरी ओळ:

रजनीत अशा मग गाइन मी

तोटक

मात्रा ठीक. पण "मग" दुसऱ्या ओळीतही आहे आणि इथेही. भरती दिसते.

चाबूकस्वार

आणि गुरं उधळल्यावर गाऊन काय उपयोग? वर ऑस्टिनकरांनी एवढं लिहिलं. ती दचकू नयेत म्हणून आधी गातात. उधळल्यावर तोंड बंद आणि पुढच्या जनावराच्या खांद्याशी घोडा भिडवून त्याला वळवायचं, म्हणजे कळप स्वतःभोवती गोल फिरायला लागतो.

खोगीरभरती

बरं. "मग" काढला, "तया"ही काढला, ओळ वर नेली:

रजनीत हळू हळु गाइन मी
दचके बुजते उधळे पळते

तोटक

एक हळू दीर्घ, एक ऱ्हस्व. चालवून घेतो. पण आता गाताना उधळतायत.

खोगीरभरती

माझा आवाज ऐकला नाहीत तुम्ही.